जठारबाईंचं पातळ

"तुमचं दूध कसं होतं, मावशी?"

पुण्याहून आलेल्या त्या मुलीनं माझ्या तोंडापुढं रेकॉर्डर धरून विचारलं. मी मशीनवर तिच्याच कापडाच्या कडा दुमडत होते.

"पांढरं," मी म्हटलं.

माझी लेक वैजू खाटेवर बसून सुईत दोरा ओवत होती, ती फिसकन हसली. मुलगी मात्र हसली नाही. मी काहीतरी फार खोल बोलल्यासारखी तिनं मान हलवली आणि ते वहीत लिहूनही घेतलं. दिवसभर डोकं फोडलं तरी अशा माणसांच्या पदरी काही पडत नाही, आणि आपण चेष्टेनं बोललेलं मात्र ती सोन्यासारखं जपून नेतात.

तिचं नाव मृणाल. केस बारीक कापलेले, कानात पितळेची झुंबरं, अंगावर मातकट रंगाचं हातमागाचं कापड, ज्यानं आमच्याकडं फरशी पुसतात. कुठल्याशा संस्थेनं तिला कराडला धाडलं होतं. गावातल्या बायकांकडून अंगावर पाजण्याचे अनुभव गोळा करायचे आणि त्यांची एक वाकळ करायची, असं ते काम. प्रत्येक बाईला वीतभर कापडाचा चौकोन मिळायचा. तिनं त्यावर आपला अनुभव सुईदोऱ्यानं भरायचा, आणि वाकळीच्या पोटात घालायला त्या दिवसांत नेसलेलं एखादं जुनं लुगडं आणून द्यायचं. तयार झाली की ती महिला मंडळाच्या हॉलात टांगायची, मग पुण्याला टांगायची, मग दिल्लीला. टांगायची! वाकळ पांघरायची असते एवढंही ज्यांना ठाऊक नाही, त्या आमच्या दुधाची कहाणी जगाला सांगणार होत्या.

ह्याला आता सोळा वर्षं झाली. वाकळ जोडायला एक शिंपीण लागते, म्हणून मंडळाच्या अध्यक्ष सुमतीबाई जठार यांनी माझं नाव सुचवलं. "शालन पतंग्यांची शिलाई म्हणजे बघायला नको," असं त्या मृणालला म्हणाल्या म्हणे. सुमतीबाईंनी माझं नाव घेतलं ह्याचं मला नवल वाटलं. सव्वीस वर्षांत त्यांनी ते चारचौघांत घेतलं नव्हतं. आणि त्याला कारण होतं.

सुमतीबाईंच्या मुलाला, श्रीरंगला, अकरा महिने मी पाजलं होतं.

हे गावात कुणाला माहीत नव्हतं. सुमतीबाईंची सासू, मी आणि त्या स्वतः, एवढ्या तिघीच जाणून. सासू वारली. श्रीरंग इंजिनियर होऊन बेंगळुरूला गेला. उद्घाटनाला तो येणार आहे असं बाईंनीच सांगितलं, तेव्हा माझ्या मनानं घेतलं की आता तरी ही बाई बोलेल. एवढं सगळं मांडलंय ते दुधासाठीच ना, मग चार माणसांत, मुलाच्या देखत, एकदा तरी म्हणेल, की हा शालनच्या दुधावर वाढला. मला हार नको होता की नारळ नको होता. फक्त ते वाक्य पाहिजे होतं.

एक्केचाळीस चौकोन जमले. ते एकेक करून माझ्या हाताखालून जायला लागले तसं माझं डोकं फिरायला लागलं. नऊजणींनी कमळ भरलं होतं. सातजणींनी गाय-वासरू. एकीनं चंद्र, त्यात बाळ, त्याच्या गालाला तीट. तहसीलदारांच्या बायकोनं 'मातेचे दूध अमृत' असं भरलं होतं, दवाखान्याच्या भिंतीवर असतं तसंच्या तसं, खाली रेघसुद्धा. पदर भिजून बाहेर जायची चोरी झाली, रात्रीत चारदा उठून कंबर मोडली, सासू म्हणाली तुझं दूध पातळ, हे एकीलाही आठवलं नव्हतं. सगळ्या जणू देव्हाऱ्यात बसून पाजत होत्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

खरा चौकोन एकच होता. मंडईत भाजी विकणाऱ्या एका बाईनं दिलेला. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याच्या दोन गाठी, आणि भोवती बारीक बारीक दातांच्या खुणा. बस्स. तो हातात आला तेव्हा माझ्याच अंगाला चुरचुरलं.

सुमतीबाईंनी तो बाजूला काढायला लावला. त्या मोजणी करायला घरी आल्या होत्या, चष्मा नाकावर आणि पदर दोन्ही खांद्यांवर.

"हा नको शालन. लहान मुलं येतील बघायला."

"लहान मुलांनीच चावलंय बाई."

वैजूनं तोंडाला पदर लावला. सुमतीबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती कला त्यांना पहिल्यापासून साधलेली.

मग त्यांनी पिशवीतून एक घडी काढली आणि माझ्या मशीनवर ठेवली. फिकट निळं सुती पातळ, पांढऱ्या काठाचं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, डांबरगोळ्यांचा वास मारणारं.

"हे आत घाल," त्या म्हणाल्या. "मधोमध. ह्याच पातळात श्रीरंग प्यायला. वर्षभर."

त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. मी घडी उलगडली. काठाच्या वर अंगठ्याएवढं रफू होतं. ते मी केलेलं होतं. श्रीरंगच्या पायातला वाळा अडकून पातळ फाटलं तेव्हा, जठारांच्या मागच्या पडवीत बसून, त्याला मांडीवर घेऊनच.

कारण ते पातळ नेसायचे मी. जठारांच्या म्हातारीचा नियम होता. शिंपिणीनं तिच्या घरच्या लुगड्यात आमचं मूल हातात घ्यायचं नाही. सकाळी सहाला मागच्या दारानं यायचं, न्हाणीत कढत पाण्यानं अंघोळ करायची, खुंटीवरचं निळं पातळ नेसायचं, पाटावर बसायचं, आणि मग मूल मांडीवर यायचं. दुपारी तसंच आणि संध्याकाळी तसंच. माझं लुगडं दारामागं लोंबत असायचं.

"बरोबर वर्ष न्हाई बाई," मी म्हटलं. "अकरा महिने."

सुमतीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "आता एवढं कोण लक्षात ठेवतंय," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या.

त्या गेल्यावर वैजूनं पातळ हातात घेऊन उजेडात धरलं. छातीपाशी पिवळट डाग होते, एकावर एक, किती धुतले तरी न गेलेले.

"काय दूध असंल गं बाईंना," ती म्हणाली. "अजून डाग हाईत बघ."

मी मशीन चालू केली.

"आई."

"काय?"

"मला न्हाई यायचं दूध. मी तुझ्यावर गेलीया."

वैजू पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती, नववा लागला होता. येताना तिनं पावडरीचे दोन डबे आणले होते आणि ते फडताळात वरच्या फळीवर ठेवले होते. रोज एकदा तरी त्यांच्याकडं बघायची. तिच्या सासूनं तिला आधीच ऐकवलं होतं, की ज्या बाईच्या आईला दूध नव्हतं तिला कुठून येणार. त्या बोलण्याची पोरीनं अशी धास्ती घेतली होती की झोपेत दचकून उठायची.

"असं काय नसतं," मी म्हटलं.

"मग तुला का न्हाई आलं?"

मी पुढचा चौकोन सुईखाली सरकवला. मला दूध आलंच नाही, तू नाचणीच्या पेजेवर आणि पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर वाढलीस, असं तिला मीच सांगितलं होतं. ती लहान असताना तिचे पाय फेंगडे का म्हणून कुणी विचारलं की मी हेच सांगायचे. इतक्या वेळा सांगितलं की सांगताना मला काही वाटेनासं झालं होतं. वैजू श्रीरंगपेक्षा तीन महिन्यांनी मोठी.

म्हणजे वाचणाऱ्याला कळलंच असेल. सुमतीबाई खोटं बोलत होत्या आणि मीही खोटं बोलत होते, आणि दोन्ही खोटी एकाच पातळाच्या दोन टोकांना बांधलेली होती. त्यांनी खरं सांगितलं तर माझंही उघडं पडणार होतं. तरी मला ते त्यांच्या तोंडून पाहिजे होतं. माझ्या तोंडून सांगायची माझ्यात हिंमत नव्हती, दुसऱ्या कुणीतरी वैजूला सांगावं आणि मी नुसती मान खाली घालून बसावं, असला माझा हिशोब. आणि ह्या हिशोबाच्या जोरावर मी गावभरच्या बायकांना नावं ठेवत होते.

मृणाल माझ्याही चौकोनासाठी मागं लागली होती. मी तो नुसता कडा दुमडून कोरा दिला. तिनं छातीशी धरला. "हे फार पॉवरफुल आहे मावशी," म्हणाली. मी म्हटलं, "असंल."

वाकळ चार दिवसांत झाली. जुन्या लुगड्यांचे थर घातले, मधोमध निळं पातळ पसरलं, वर चौकोन, खाली अस्तर. कडेकडेनं धावदोरा घालत आत आत जायचं असतं, म्हणजे शेवटचा टाका मध्यावर पडतो. तो मी रफूवर घातला. मंडईतल्या बाईचा लाल गाठींचा चौकोन मात्र मी टाकला नाही. तो आत, पातळाच्या शेजारी शिवून टाकला. बाहेरून दिसत नाही. दिल्लीला गेली असेल तर दिल्लीतही नसेल दिसला.

उद्घाटनाला हॉल भरला होता. वाकळ भिंतीवर टांगली होती, वर दोन दिवे. पुढच्या खुर्च्यांवर कमळवाल्या बसल्या होत्या आणि आपापलं कमळ एकमेकींना दाखवत होत्या. वैजू पहिल्या रांगेत कडेला बसली, पोटावर दोन्ही हात ठेवून. दाराजवळ एक उंच, गोरा, दाढी राखलेला पोरगा उभा होता. मी त्याला लगेच ओळखलं. अंगावरचं मूल कितीही वाढलं तरी ओळखू येतं, त्याला दाढी असली तरी.

सुमतीबाई बोलायला उभ्या राहिल्या. पहिली दहा मिनिटं संस्कृती झाली. मग त्यांनी वाकळीकडं हात केला.

"ह्या वाकळीच्या हृदयाशी माझं एक पातळ आहे," त्या म्हणाल्या. "त्या पातळात मी माझ्या श्रीरंगला पाजलं. त्याचे डाग मी सव्वीस वर्षं जपलेत."

टाळ्या पडल्या. सुमतीबाईंनी डोळे टिपले. आणि मला सांगायला हवं, ते रडणं खोटं नव्हतं. ज्या बाळंतपणात त्यांना ताप भरला, छातीला गळू झालं, कापावं लागलं, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मी पाजायला बसले की त्या पडवीच्या दारात येऊन पाठ करून उभ्या राहायच्या. जायच्या नाहीत आणि बघायच्याही नाहीत. पण कीव करायची माझी त्या दिवशी तयारी नव्हती. मला त्या बाईची किळस आली. डाग माझे, जपले त्यांनी, आणि टाळ्याही त्यांनाच.

तेवढ्यात मृणालनं माइक माझ्यापुढं आणला.

"आणि ज्यांनी हे सगळं जोडलं, त्या शालनमावशी! मावशी, तुमचा चौकोन कोरा आहे. का कोरा आहे, सांगाल?"

मी उभी राहिले. वाक्य माझ्या जिभेवर होतं. तीन शब्दांचं: ह्याला मी पाजलं. सुमतीबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता, बोटं पांढरी झाली होती. एवढी वर्षं मी त्या बोटांची वाट बघितली होती. मला बरं वाटलं, खोटं का सांगू.

मग मी वैजूकडं बघितलं. तिनं मान वर केली होती. आईचा फोटो निघताना लेक बघते तशी हसत होती.

"मला दूधच न्हवतं," मी माइकवर म्हटलं. "म्हणून कोरा."

हॉलात 'अरेरे' झालं. सुमतीबाईंची बोटं सैल पडली. त्यांनी स्वतः उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि फोटोवाल्यानं तो फोटो काढला. तो दुसऱ्या दिवशी पेपरात आला.

चहा मागच्या व्हरांड्यात होता. वैजू मला कप आणून देत होती तेव्हा श्रीरंग आला. आल्या आल्या वाकून माझ्या पायाला हात लावला. मागोमाग सुमतीबाई घाईनं येत होत्या.

"मावशी, ओळखलंत का?"

"व्हय की."

"मग असं कसं बोललात?" तो हसत होता. भला पोरगा, मनात काडीचं वाईट नाही. "आजीनं जायच्या आधी मला सगळं सांगितलंय. मी तुमच्याच दुधावर वाढलो. आजी म्हणायची, शालनला इतकं दूध होतं की मी पिऊन झोपलो तरी पातळ भिजायचं. आई, तूसुद्धा सांगायला हवं होतंस ना. लाजायचं काय त्यात?"

"श्रीरंग, गाडी काढ," सुमतीबाई म्हणाल्या.

"अगं, पण..."

"गाडी काढ म्हटलं ना."

तो दोघींकडं बघत राहिला, मग वैजूकडं बघितलं. "तू वैजयंता ना? म्हणजे आपण दूधभाऊ-बहीण की!" असं म्हणून त्यानं तिच्यापुढं हात केला.

वैजूनं कप खाली ठेवला. तिनं त्याचा हात हातात घेतला, नीट घेतला, आणि सोडला. मग सुमतीबाईंकडं बघितलं नाही, माझ्याकडंही बघितलं नाही. पायऱ्या उतरून चालायला लागली.

सुमतीबाई माझ्याजवळ उभ्या होत्या. मला वाटलं, आता काही बोलतील. त्या म्हणाल्या, "तू तरी का बोलली नाहीस, शालन?" आणि तेच मी त्यांना विचारणार होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. माझ्यापुढं तर माझंच मुसळ पातळ नेसून उभं होतं.

मी घरी पोचले तेव्हा वैजू खाटेवर बसली होती. पावडरीचे दोन्ही डबे फडताळातून काढून तिनं समोर ठेवले होते.

"किती होतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"दूध."

"दोघांना पुरलं असतं," मी म्हटलं.

"मग?"

"म्हातारीची अट होती. आधी त्यानं पोटभर प्यायचं. तिथनं येईपर्यंत माझ्यात काय राहायचं न्हाई. तीनदा जायचे मी."

"अकरा महिने?"

"तुझा बाप दुसऱ्याच्या दुकानात काजं करायचा, वैजू. म्हातारीनं पहिल्याच दिवशी ही मशीन दिली."

एवढंच सांगून थांबले असते तर गरिबीवर भागलं असतं. पण तिनं एक डबा उचलून मांडीवर घेतला, आणि मला पुढचंही बोलावं लागलं.

"आणि मला तिथं बसायला आवडायचं," मी म्हटलं. "कढत पाणी, सुंठ घातलेलं दूध, कुणीतरी पाट मांडायचं. ह्या घरात मला कुणी पाट मांडला न्हवता."

वैजू मशीनकडं बघत होती.

"मी रडायचे?"

"रडायचीस."

"मग काय करायचीस तू?"

मी तिला खोटं सांगू शकले असते. सवय होती. पण त्या दिवशी जिभेचं सगळं खोटं माइकवर खर्च झालं होतं.

"मशीन चालवायचे," मी म्हटलं. "मशीनच्या आवाजात ऐकू येत न्हाई."

ती उठली, दोन्ही डबे पिशवीत घातले आणि रिक्षानं स्टँडवर गेली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ही रीत तिनं मोडली. तिच्या सासूनं तिला ठेवून घेतलं, ज्या सासूला मी पोरीच्या लग्नापासून नावं ठेवली तिनं.

मुलगी झाली. दूध भरपूर आलं, डबे उघडायचीही वेळ आली नाही, असं जावयानं फोनवर सांगितलं. बारशाला मी गेले. त्यानंतर दोन वर्षांत सात-आठ वेळा गेले. वैजू माझं सगळं नीट करायची, चहा द्यायची, बसायला द्यायची. पण पोरगी रडली की तिला उचलून आतल्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. माझ्यासमोर तिनं कधी पाजलं नाही.